उसाच्या पाल्याच्या गाठी: माळावरच्या मिरचीला अंथरून घेतलेला अनुभव

संकेश्वरच्या खाली हिरण्यकेशीच्या काठाला नुसता ऊस, आणि आम्ही वर माळाला. विहीर नाही, बोअर मारली ती कोरडी गेली. पाऊस झाला तर पीक. 2023 चा ऑगस्ट कुणी विसरलं नसेल. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या साली आमची जवारी मिरची लावणीनंतर महिन्याभरात उभी वाळली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, पडलेली ओल धरून कशी ठेवायची.

त्यानंतर एकदा दुकानदाराच्या सांगण्यावरून चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, म्हणजे मातीवर अंथरायचं प्लास्टिक, आणला होता. 25 मायक्रॉनचा, 4 फूट रुंद, 400 मीटरचा रोल. सहा गुंठ्यांत संपला. तण अजिबात आलं नाही, हे कबूल. पण तो पेपर ठिबकवाल्यांचा. आमच्यासारख्या पावसाच्या भरवशावरच्या रानात पाणी पेपरवरून घसरून सरीत जातं, रोपाच्या भोकातून आत जाईल तेवढंच. बारीक पाऊस झाल्यावर पेपर उचलून बघितला तर खाली माती भुकटीसारखी. हंगाम संपल्यावर फाटके तुकडे वेचायला दोन दिवस गेले आणि अजूनही नांगरटीला एखादा वर येतोच.

म्हणून गेल्या खेपेला गाठी घेतल्या. नदीकाठाला तोड झाली की पाला पेटवून देतात, हे लहानपणापासून बघत आले. आता काही जण ट्रॅक्टरला बेलर लावून तो गोळा करतात आणि गाठी बांधून विकतात. फेब्रुवारीत 60 गाठी सांगितल्या, 60 रुपयांना एक, भाडं वेगळं. एक गाठ 25 किलोची, असं बोलणं झालं होतं. उतरवताना मला हलक्या वाटल्या म्हणून घरच्या काट्यावर चार-पाच टाकल्या, तर एकही साडेअठराच्या वर गेली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, सरासरी धरायची असते." सरासरीच तेवढी होती! दीड टनाचे पैसे घेऊन अकराशे किलो माल दिला, याचा राग अजून आहे. शिवाय मधल्या सात-आठ गाठी ओल्या होत्या, सोडल्या तेव्हा आतून काळ्या बुरशीचा वास आला. त्या उकिरड्यात टाकल्या नाहीत, उन्हात पसरून वाळवल्या आणि वापरल्या.

पाला कमी पडला, त्यामुळे 20 गुंठ्यांपैकी 15 झाकले आणि वरच्या अंगाचे 5 उघडे राहिले. त्यामुळेच मला फरक डोळ्यांनी बघता आला.

लावण आर्द्रा नक्षत्रात केली. पाला लगेच अंथरला नाही. पुष्यात पहिली भांगलण, म्हणजे खुरपणी, उरकली, चांगला पाऊस झाला, माती पोटभर भिजली, मगच अंथरला. कोरड्या मातीवर पाला टाकला तर बारीक सर पाल्यातच मुरते, मातीपर्यंत जात नाही. रोपाच्या बुडापासून चार बोटं मोकळी सोडली, नाहीतर बुंधा कुजतो. गाठीची निळी नायलॉन दोरी मात्र एकूण एक मोजून काढून घ्या. 60 गाठींच्या दोऱ्या मी पोत्यात भरल्या. जनावराच्या पोटात गेली तर काय होतं ते आमच्या भावकीत बघितलंय.

मघेत पावसाने ओढ दिली, 17 दिवस थेंब नाही. पंधराव्या दिवशी सकाळी आत्तींना घेऊन रानात गेले. उघड्या पट्ट्यात वर पपडी धरलेली, खुरपं मारलं की खापरीसारखी उचलायची, आणि मिरचीची पानं नऊ वाजताच खाली लोंबलेली. दहा पावलं खाली येऊन पाला बाजूला केला. खालचा थर मऊ पडून मातीला चिकटलेला, त्यात पांढरे तंतू, दोन गांडुळं. मूठभर माती घेऊन दाबली तर लाडू वळला. आत्तींनी तो लाडू हातातच धरून ठेवला, बराच वेळ. चाळीस वर्षं हे रान कसलेल्या बाईने एवढंच म्हटलं, "ओल हाय गं."

चुका माझ्याही झाल्या. अंथरल्यावर तीन आठवड्यांत झाकलेली रोपं पिवळी पडली. पाला कुजवणारे जीव मातीतलाच नत्र ओढून घेतात, त्यामुळे टनाला 8 किलो युरिया आणि 10 किलो सुपर फॉस्फेट आधीच टाकायचं असतं. मी युरिया नंतर दिला, रोपं सावरली, पण ते दिवस वाया गेले. बांधाच्या कडेला वाळवी लागली, तिथली पंधरा-वीस झाडं गेली. चुरडामुरडा, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, दोन्हीकडे सारखाच आला, पाल्याने त्यात काही फरक पडला नाही. तोड्याला जाताना पायात चप्पल घालाच, पाल्याखाली मला दोनदा विंचू दिसला. आणि बिडी ओढणाऱ्याला बांधावरच थांबवा.

वाळली मिरची झाकलेल्या 15 गुंठ्यांत 1 क्विंटल 58 किलो भरली, उघड्या 5 गुंठ्यांत 35 किलो. म्हणजे गुंठ्याला साडेदहा किलो आणि सात किलो. हा सगळा फरक पाल्याचाच, असं मी म्हणणार नाही. वरच्या अंगाला मुरूम उथळ आहे, तिथं एरवीही थोडं कमीच येतं. पण दरवर्षी तीनदा होणारी भांगलण झाकलेल्या रानात एकदाच झाली, तेवढ्यातच गाठींचे पैसे निघाले.

ज्यांच्याकडे पाणी आहे आणि ठिबक आहे, त्यांनी पेपर जरूर वापरावा. नुसत्या पावसावरच्या रानाला मी पालाच सांगेन. माल उत्तम, देणारा मात्र पारखून घ्या. यंदा 100 गाठी घेणार आहे, वेगळ्या माणसाकडून. नगावर नाही, किलोवर बोलणं झालंय. ट्रॉली आधी वजनकाट्यावर जाईल, चिठ्ठी हातात आली की पैसे.