प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि रक्त पातळ होण्याची गोळी : सोलापुरातील एका रुग्णालयाचा अनुभव

रेल्वे लाइन्स भागातील एका मूत्रविकार रुग्णालयात वडिलांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. ती उत्तम झालीच. पण त्याहून मोलाची वाटली ती शस्त्रक्रियेआधीची औषध-तपासणी.

वडिलांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) असल्याने ते रोज एक कॅप्सूल घेत, आणि घरात तिची ओळख ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ एवढीच होती. डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतले, मागची बारीक अक्षरे वाचली आणि त्या एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल अशी दोन औषधे असल्याचे आम्हाला बोट ठेवून दाखवले. क्लोपिडोग्रेलचा परिणाम झालेल्या प्लेटलेट पेशी (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या) पुन्हा कामाला येत नाहीत, नव्या तयार व्हाव्या लागतात. म्हणून ते साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, आणि कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल तर याबाबत हयगय चालत नाही. मात्र सरसकट कॅप्सूलच बंद केली, तर ॲस्पिरिनही बंद होते आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांचे लेखी मत आल्यावर कॅप्सूल थांबवून ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची स्वतंत्र गोळी देण्यात आली. स्टेंट नुकताच बसवलेला असता, तर शस्त्रक्रियाच पुढे ढकलली असती, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

अक्कलकोटहून आलेले एक आजोबा वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे वेगळे औषध घेत होते; त्यांना ते सुमारे ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) तपासण्यास सांगितले गेले. गोळीप्रमाणे वेळापत्रक बदलते, त्यामुळे शेजारच्या रुग्णाचे ऐकून कोणीही परस्पर गोळी बंद करू नये.

उणीव आढळली ती घरी सोडताना. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ‘आधीची औषधे चालू ठेवावीत’ एवढेच छापलेले होते. कॅप्सूल लगेच सुरू करायची की लघवीतील रक्त पूर्ण थांबल्यावर, याचा त्यावरून काहीच बोध होत नव्हता. विचारल्यावर डॉक्टरांनी स्वतः तारीख लिहून दिली, शिवाय दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा रक्त दिसू शकते, गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर रात्री-अपरात्रीही यावे, असे समजावले. येथे विजयपूर आणि कलबुर्गीकडचेही रुग्ण येतात. कोणती गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे मराठी व कन्नडमध्ये छापलेली चिठ्ठी प्रत्येकाला न मागता मिळावी, अशी रुग्णालयाला कळकळीची विनंती आहे.