एअरशिपचा परवाना आणि गुंतवणूकदाराचा पैसा: तीन कंपन्या शेजारी ठेवून

एखादी छोटी कंपनी जाहीर करते, ‘एअरशिपच्या (हेलियमसारख्या हलक्या वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजाच्या) तंत्रज्ञानाचा परवाना मिळाला’, आणि शेअर उसळतो. घ्यावा का, असा प्रश्न पडला असेल तर आधी ही उदाहरणं पाहा.

जर्मनीची कार्गोलिफ्टर १९९६ मध्ये स्थापन झाली आणि २००० मध्ये फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात आली. तंत्रज्ञान स्वतःचं, लक्ष्य १६० टन माल उचलण्याचं. बर्लिनच्या दक्षिणेला ३६० मीटर लांब आणि १०७ मीटर उंच हँगर, म्हणजे जहाज बांधण्याची शेड, उभा राहिला, पण ते मोठं जहाज बनलंच नाही. २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो किरकोळ भागधारकांचे पैसे बुडाले. त्या हँगरमध्ये आज वॉटर पार्क चालतो.

एक मोठी अडचण भौतिकशास्त्रातली होती. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. १६० टन माल उतरवला की जहाज तेवढ्याच जोराने वर जाऊ पाहतं, म्हणून त्या जागी तितकंच पाणी भरावं लागतं. माल पोचवायचा आडरानात, तिथे इतकं पाणी कुठून आणणार?

अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या पी-७९१ या प्रायोगिक एअरशिपने यावर खरं उत्तर दिलं. त्याला काही उचल हेलियमची मिळते, उरलेली पंखासारख्या आकाराची, त्यामुळे जमिनीवर ते जडच राहतं. खाली हवेच्या गाद्या असतात, त्या उलट दिशेने हवा ओढून जमीन पकडून ठेवतात. २००६ मध्ये ते कॅलिफोर्नियात उडालं. २०१६ मध्ये एका कंपनीने १२ जहाजांसाठी सुमारे ४८ कोटी डॉलरचं इरादापत्र (खरेदीचा इरादा सांगणारं पत्र, पक्की ऑर्डर नव्हे) दिलं, पण लॉकहीडने एकही जहाज ग्राहकाच्या हाती दिलं नाही. २०२३ मध्ये हे तंत्रज्ञान एटी२ एअरोस्पेस या छोट्या कंपनीकडे गेलं. तिचे प्रमुख रॉबर्ट बॉइड लॉकहीडमध्ये हाच प्रकल्प सांभाळत होते. माणसं आणि तंत्र दोन्ही सोबत आली, हे मला मोलाचं वाटतं. तरी लॉकहीडसारख्या बलाढ्य कंपनीला जे उत्पादनापर्यंत नेता आलं नाही, ते छोटी कंपनी कोणाच्या पैशावर नेणार, हे विचारायलाच हवं.

तिसरं उदाहरण ब्रिटनच्या एअरलँडर या एअरशिपचं. ते २०१६ मध्ये उडालं, दुसऱ्याच उड्डाणानंतर उतरताना नाकावर आपटलं. पुढे स्पेनच्या एअर नॉस्ट्रम या विमान कंपनीने अशी जहाजं राखून ठेवली, पण आरक्षण म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे.

तिघांत माझा कल एटी२ च्या वाटेकडे आहे, कारण तिथे उडून दाखवलेलं तंत्र आणि तो प्रकल्प सांभाळलेला माणूस दोन्ही आहेत. मात्र बाजारातल्या छोट्या कंपनीचा करार पाहताना मी आधी तीन कलमं शोधेन: परवाना एकट्या तिलाच आहे का, उड्डाणासाठी लागणारं सरकारी प्रमाणपत्र मिळवण्याचा खर्च कोणाच्या माथी आहे, आणि परवान्याची रक्कम रोख दिली की नवे शेअर काढून. नवे शेअर काढले असतील तर तुमचा हिस्सा पहिल्याच दिवशी घटला. ही कलमं कंपनीने उघड केली नसतील, तर तो शेअर घेऊ नका.