वाडीच्या नळाला झऱ्याचे पाणी की बोअरचे?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या एखाद्या वाडीने नळयोजनेसाठी डोंगराच्या कुशीतला झरा बांधून घ्यावा की गावात बोअर मारावी, हा विषय ग्रामसभेत निघाला की चर्चा खर्चाभोवतीच फिरते. माझ्या मते आधी दोन गोष्टी पाहाव्यात: मे महिन्यात झऱ्याला पाणी किती असते आणि जुलैत ते कसे असते.

मेच्या अखेरीस, वळीव पडण्यापूर्वी, झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावून 15 लिटरची बादली धरावी. ती मिनिटात भरली तर दिवसाचे 21,600 लिटर पाणी झाले. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने 300 माणसांच्या वाडीला 16,500 लिटर लागतात. रात्रभर वाहणारे पाणी टाकीत साठवले तर भागते. बादलीला दोन मिनिटे लागली, तर एकट्या झऱ्यावर विसंबू नये.

बोअरचे पाणी खोल भेगांतले, त्यामुळे केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) पक्के असेल तर जमिनीवरच्या घाणीपासून बरेच सुरक्षित. पण कठीण खडकात भेग लागली तरच पाणी, आणि वीज गेली की तेही बंद. वाडीच्या वर असलेल्या झऱ्याचे पाणी उतारानेच घरी येते.

झऱ्याची खरी दुखरी बाजू पावसाळ्याची आहे. जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते आणि कडेने बाहेर पडते. ही वाट लहान असल्यामुळे वरची घाण गाळली जायला पुरेसा वेळ मिळत नाही. आमच्या आजोळी झऱ्याच्या तळातला खडा एरवी स्वच्छ दिसे, पण आषाढात कळशीच्या बुडाशी तांबूस गाळ बसलेला असे. ती नुसती माती आहे असे आम्ही समजत होतो; वरच्या माळावर चरणाऱ्या गुरांचे शेणही त्याच वाटेने येते, हे फार उशिरा कळले. गढूळ पाण्यात ब्लिचिंग पावडरचाही प्रभाव कमी पडतो.

म्हणून झरा बांधायचा तर नीट बांधावा: बंदिस्त झाकणाची पेटी, वरच्या बाजूला पावसाचे पाणी वळवणारा चर, गुरांना अडवणारे कुंपण, आणि जादा पाण्यासाठी जाळी लावलेली नळी. पेटीतले पाणी झऱ्याच्या तोंडापेक्षा वर चढू देऊ नये, नाहीतर दाबामुळे झरा दुसरीकडून वाट काढतो. क्लोरीन मिसळल्यानंतर पाणी अर्धा तास थांबवावे आणि शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरते का ते तपासावे. भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (शेण-विष्ठेतून येणारा जंतू) मुळीच आढळता कामा नये, आणि ही तपासणी जुलैतच करून घ्यावी.

झरा वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा, 2006 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी जमीन मिळण्याची तरतूद आहे.

मेचे माप पुरेसे असेल तर मी झराच निवडेन आणि बोअर हाताशी ठेवेन. माप अपुरे असेल तर बोअर मुख्य, झरा जोडीला. दोन्ही घेतलेत तर बोअर झऱ्याच्या वरच्या उतारावर मारू नका, कारण तेच भूजल खाली झऱ्याला येत असते.