मधल्या इयत्तांसाठी माँटेसरी की नेहमीचा वर्ग?

सरकारी शाळेत दोन्ही प्रकारचे वर्ग असतील तर फीचा प्रश्न उरत नाही, आणि मग खरा विचार करावा लागतो. आम्ही मुलीला सहावीपासून माँटेसरीच्या, म्हणजे मुलांनी साहित्य हाताळत आपापल्या गतीने शिकायच्या, वर्गात घातलं. सगळ्यांना ते मानवेलच असं म्हणणार नाही, पण आमचं कारण सांगतो.

नेहमीच्या वर्गातली एक गोष्ट मला सतत खटकायची: पेपर तपासून हातात आला की धडा संपला. मुलीने १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिलं होतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. त्यावर लाल फुली, शेजारी बरोबर उत्तर, खाली ‘दुरुस्ती करा’. तिने ते उत्तर उतरवलं, बाईंची सही झाली आणि वर्ग दशांश अपूर्णांकांकडे वळला. पुढे मापनाच्या उदाहरणात तीच चूक जशीच्या तशी वर आली. यात बाईंना बोल लावता येत नाही. भरलेला वर्ग आणि ठरलेल्या तारखेला पुरा करायचा अभ्यासक्रम, थांबणार तरी कुठे?

माँटेसरीच्या वर्गात ताईंनी उत्तर सांगितलंच नाही, अपूर्णांकांच्या चकत्या पुढ्यात ठेवल्या. अर्ध्यात तिसरा हिस्सा मिळवायचा आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी? मुलगी अडखळली, मग त्या दोन्हींवर एक-षष्ठांशाचे तुकडे बसवत बसवत ५/६ वर पोहोचली. मध्ये तासाची घंटा नव्हती. सलग तीनेक तासांचा कामाचा वेळ हा या पद्धतीचा कणाच आहे. ती चूक त्यानंतर मला तिच्या वहीत दिसली नाही.

दुसरी बाजूही आहे. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरींनी लहान मुलांसाठी जितकं बारकाईने साहित्य घडवलं, तितकं बारा ते अठरा वयासाठी नाही. तिथे त्यांनी आराखडाच मांडला: शेतावर राहून काम करायचं, पिकवायचं, विकायचं. शहरातल्या सरकारी शाळेला ते क्वचितच जमतं, त्यामुळे बरंच काही शिक्षकांवर येऊन ठेपतं. शिवाय ‘माँटेसरी’ हे नाव कुणालाही लावता येतं, पाटीवर विसंबू नका. वेळ लावून द्यायच्या परीक्षांची सवयही वेगळी करून घ्यावी लागते. आम्हाला ती घरी करावी लागली.

तरी सरकारी चौकटीत हे चालतं. अमेरिकेत सिनसिनाटीला १९९४ पासून वरच्या इयत्तांची अशी सार्वजनिक शाळा आहे. रॅथुंडे आणि चिक्सेंटमिहाय या संशोधकांच्या २००५ च्या अभ्यासात माँटेसरीतल्या मुलांना अभ्यासाच्या वेळी जास्त गोडी वाटत असल्याचं दिसलं. अर्थात तो अभ्यास मुलांच्या अनुभवाचा होता, गुणांचा नव्हे.

बदलीमुळे वर्षा-दोन वर्षांत शाळा सोडावी लागणार असेल, तर नेहमीचा वर्ग बरा. माँटेसरीत साधारण तीन वर्षांचा एकत्र गट असतो आणि त्याचा खरा फायदा मूल गटात मोठं झाल्यावर मिळतो. तेवढी वर्षं हातात असतील तर मी माँटेसरीच सुचवेन. मात्र आधी वर्गात जाऊन बसा आणि एकच विचारा: मुलाचं गणित चुकलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करता?