पातळ भाजी आणि सुकी बातमी

गोव्यातील म्हापशाच्या बाजारामागील गल्लीत सहा बाकड्यांचे एक जुने शाकाहारी हॉटेल आहे. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही नोंदवायची आहे. मी गेली अकरा वर्षे आठवड्यातून तीन-चार सकाळी तेथे न्याहारी करतो.

आधी खाण्याविषयी. बटाट्याची पातळ भाजी चांगली असते, पण ती रोज सारखी लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. सोमवारी मीठ हमखास पुढे असते. सुकी भाजी अधिक भरवशाची असली तरी ती साडेआठनंतर उरत नाही. त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक 'मिक्स' मागवून दोन्हींचा उणेपणा भरून काढते. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पहाटे आलेले उंडे (गोल पाव) सातपर्यंत कुरकुरीत राहतात. पिकल्या केळ्यांचे बन्स मात्र निःसंशय उत्तम असून तळणीतून निघताच ते ताटलीत पडले, तर दुसरे काही मागवण्याची गरज उरत नाही. दोन उंडे, मिक्स भाजी आणि चहा यांचे मिळून माझे सत्तर रुपये होतात.

परंतु लोक तेथे जातात ते बातम्यांसाठी. मालक दोन मराठी वर्तमानपत्रे घेतात आणि सकाळी त्यांची पाने सुटी करून बाकड्यांवर वाटतात; त्यामुळे एकाच्या हाती अग्रलेख, दुसऱ्याच्या हाती निधनवार्ता आणि तिसऱ्याच्या हाती जगभरातील चमत्कारिक घटनांचा कोपरा येतो. "आयज कितें खबर?" असे गल्ल्यावरून विचारले गेले की ज्याच्या हाती जे पान असेल, त्याने ते मोठ्याने वाचावे, असा अलिखित नियम आहे. मग बाकीचे मत देतात. हे मत तोंडावर द्यावे लागते आणि ते फसले तर पुढचे आठ दिवस चहाबरोबर ऐकावे लागते, ही या हॉटेलातील खरी शिस्त होय.

नोव्हेंबर २०२४ मधील केळ्याच्या बातमीचा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंताने भिंतीला रुपेरी चिकटपट्टीने लावलेले एक केळे न्यूयॉर्कमधील सदबीजच्या लिलावात ६२ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपयांना विकले गेले होते. ही कलाकृती २०१९ मध्ये मायामीतील कलामेळ्यात प्रथम मांडली गेली, तेव्हाही एका कलावंताने ते केळे सोलून खाल्ले होते. आणि आता ज्या जस्टिन सन या आभासी चलनाच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतले, त्यानेही काही दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर ते खाऊन टाकले. विकत घेणाऱ्याला खरे तर प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना मिळतात, केळे सडले की दुसरे आणायचे असते, हे निवृत्त मास्तरांनी सावकाश समजावून सांगितले. त्यावर बाजारात केळी विकणाऱ्या बाईंनी पाटी खाली ठेवत एवढेच विचारले, की मयडे गावच्या केळ्यांना तर भौगोलिक मानांकनही आहे, मग त्यांचे प्रमाणपत्र चिकटवायला भिंत कोणती निवडू? दुसऱ्या दिवशी गल्ल्यामागच्या खांबावर खोके बांधण्याच्या तपकिरी चिकटपट्टीने एक केळे लावलेले होते आणि खाली लिहिले होते, 'सुटे पैसे द्यावेत.' दुपारपर्यंत तेथे केवळ चिकटपट्टी उरली. वाढणाऱ्या पोराने आपण कलेचा इतिहास पुढे नेला, असे शांतपणे सांगितले.

इतर विषय इतके रंगत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये एका अंड्याच्या छायाचित्राने इन्स्टाग्रामवरील पसंतीचा विक्रम मोडला, ती बातमी शाकाहारी हॉटेल म्हणून मालकांनी अर्ध्यावरच थांबवली. राजकारणाला मनाई नाही, पण त्यावर नवे असे कोणी फारसे बोलत नाही.

माझी स्वतःची फजितीही येथेच झाली. सत्तावीस ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार असल्याचा निरोप भ्रमणध्वनीवर आला आणि मी तो उत्साहाने वाचून दाखवला. त्या निरोपावर 'अनेकदा पुढे पाठवलेला' अशी दुहेरी बाणाची खूण होती, तिकडे माझे लक्ष गेले नाही. अशी खूण असलेला निरोप एका वेळी एकाच संवादात पाठवता यावा, असे बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० पासून घातले आहे, हे मला नंतर कळले. मास्तरांनी चष्मा पुसत सांगितले, की मंगळ खरोखर सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरपर्यंत जवळ आला तो २००३ च्या ऑगस्टमध्ये. त्या वेळच्या मजकुरात पंचाहत्तर पट मोठे करणाऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यास, अशी अट होती आणि पुढे पाठवता पाठवता ती गळून पडली. मालकांनी त्यात भर घातली, की ऑगस्टमध्ये म्हापशाला ढगांमुळे चंद्रच दिसत नाही, तेव्हा निरोप तसा खोटा ठरत नाही. त्या वर्षभर मला 'मंगळवाले' हे नाव पडले.

आता तक्रार. घरी नेण्यासाठी मिरची भजी मागितली, तर ती आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्रात बांधून मिळतात. छपाईच्या शाईतील शिशासारखी द्रव्ये गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये ही पद्धत बंद करण्यास सांगितले आहे. ज्या हॉटेलात प्रत्येक बातमी तपासून घेतली जाते, तेथे ही बातमी कोणाच्याच पानावर कशी आली नाही, असे मी विचारले. ती आली होती, परंतु तिच्यात भजी बांधली गेली, असे मालक म्हणाले. उत्तर हजरजबाबी असले तरी पुरेसे नाही.

शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी तेथे बसायलाही जागा मिळत नाही. अन्य दिवशी साडेसातच्या आत पोचावे आणि भजी न्यायची असल्यास स्टीलचा डबा सोबत ठेवावा. तो पुढे केला की मालक दोन भजी जास्त घालतात.