सासऱ्यांची करथकबाकी आणि माझ्या फ्लॅटवरची जप्ती: टिळक रोडच्या वकीलबाईंना चार तारे

सासऱ्यांच्या बंद पडलेल्या धंद्याचा आयकर थकलेला आणि जप्तीचा आदेश चिकटला माझ्या फ्लॅटच्या दारावर! आधीच्या सल्लागारांनी सांगितलं, "नवऱ्याच्या नावे मागच्या तारखेचं बक्षीसपत्र करून टाका." वकीलबाईंनी ते ऐकून कपाळाला हात लावला.

त्यांनी नियम मराठीत समजावला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २२२ नुसार सासऱ्यांनी १ जून १९७३ रोजी किंवा त्यानंतर पुरेसा मोबदला न घेता सुनेला दिलेली मालमत्ताही वसुलीत ओढता येते. म्हणजे नुसतं "नाव माझं आहे" म्हणून भागत नाही, पैसा कुणाचा ते दाखवावं लागतं. मग खरेदीखत, पगाराच्या स्लिपा, गृहकर्जाचे हप्ते, सोसायटीच्या पावत्या असं सगळं तारीखवार लावून त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाच्या नियम ११ खाली वसुली अधिकाऱ्याकडे हरकत दाखल केली. बयाण्याचा चेक माझ्याच पगाराच्या खात्यातून गेला होता, ती पासबुकाची ओळ त्यांनी पिवळ्या मार्करने रंगवली. सुनावणीत अर्धा वेळ त्या ओळीवरच गेला. हरकत फेटाळली तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो, हेही त्यांनी आधीच बजावलं होतं. वेळ आली नाही, जप्ती उठली.

एक तारा कापला तो कारकुनामुळे. फोन उचलत नाही, झेरॉक्सचे पैसे मात्र वेगळे मागतो. फी दणदणीत, पण पावती मिळते. सासरे अजून म्हणतात, "सूनबाई, एवढी फी?"