जुनं मॉडेल किट घेतलंय? मग डबा आजच उघडा

जुनी किट्स विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं, आणि हे लिहायला मला काही महिने लागले कारण लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात अजून एक जण असाच फसल्याचं कळलं, माणूस तोच, पद्धत तीच, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय. जे प्लास्टिकच्या स्केल मॉडेल गाड्या बनवतात किंवा जमवतात, आणि त्यातही बंद झालेली जुनी किट्स सेकंडहँड घेतात, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी डोंबिवलीत राहतो, नऊ वर्षं झाली हा छंद लागून. बहुतेक सगळं 1:24 मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीचे दोन फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. टामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा ही किट बनवणारी सगळी मंडळी जपानच्या शिझुओका भागातली, आणि आपल्याकडे त्यांचा माल मिळतो तो मोजक्या दुकानांत. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी, कुरिअर, आणि स्प्रे कॅन तर विमानाने येतच नाहीत. त्यात कंपनी एखादं किट काही वर्षं काढते आणि मग थांबवते, परत कधी काढेल सांगता येत नाही. मग एकच रस्ता उरतो, कोणाच्या तरी कपाटात न बनवता पडलेलं किट विकत घ्यायचं. आपल्यात याला स्टॅश म्हणतात आणि प्रत्येकाकडे तो असतोच, बनवण्याच्या वेगापेक्षा घेण्याचा वेग कायम जास्त. माझ्याकडेही बेडच्या खालच्या ड्रॉवरमध्ये चौदा डबे आहेत. ही सवयच त्या माणसाने हेरली, पुढे लक्षात येईल.

मला कधीपासून माझदा 787बी हवी होती. 1991 ची फ्रान्समधल्या ल मॉंची 24 तासांची शर्यत जिंकलेली, 55 नंबरची, केशरी आणि हिरव्या चौकटींची गाडी. ल मॉं जिंकणारी पहिली जपानी गाडी, आणि तीही चार रोटरच्या रोटरी इंजिनवर. त्या इंजिनाचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही, मी कॉलेजात असताना व्हिडिओ बघितला होता तेव्हापासून डोक्यात बसलीये. टामियाचं 1:24 चं किट आहे तिचं पण मी शोधायला लागलो तेव्हा कुठेच स्टॉकमध्ये नव्हतं.

मागच्या वर्षी मे महिन्यात एका ग्रुपवर एकाने टाकलं, परदेशी जातोय, स्टॅश विकायचाय. अकरा किट्सची यादी, नीट फोटो. मी मेसेज केला. पहिल्या दिवसापासून दादा दादा करून बोलायचा, आणि बोलणं अस्सल आपल्यातलं होतं. मला म्हणाला, "दादा, जुन्या किटचे टायर मी वेगळ्या पिशवीत काढून ठेवतो, नाहीतर ते रबर क्लिअर पार्ट्सना चिकटून प्लास्टिक खातं." हे खरं आहे, ज्याने कधी विंडस्क्रीनवर टायरचा काळा वितळलेला गोल बघितलाय त्यालाच हे माहिती असतं. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची नंबर-नक्षीची चित्रं, पिवळे पडले असतील तर पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आठवडाभर ऊन लागू द्या, पिवळेपणा उतरतो, हेही त्यानेच सांगितलं आणि तेही बरोबर आहे. एवढं जाणणारा माणूस चोर असेल असं मला वाटलंच नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ही, मी त्याच्या ज्ञानावरून त्याची नियत ठरवली.

तरी मी एकदम सगळं घेतलं नाही, आधी एकच किट घेतलं, टामियाची सुबारू इम्प्रेझा, 2200 रुपयांना. चार दिवसांत आलं, बबल रॅपचे तीन थर, आत पिशव्या जशाच्या तशा बंद, वर माझ्या मुलीसाठी म्हणून एक छोटं ब्रशचं पाकीट. मी ते लगेच बनवायला घेतलं, एक पार्टही कमी नव्हता. मग काय, विश्वास बसला. जूनच्या पहिल्या आठवड्यात अजून तीन घेतली, 787बी, लॅन्शिया डेल्टा आणि हासेगावाची लॅन्शिया स्ट्रॅटॉस. मिळून 17,500 रुपये, सगळे आधी, यूपीआयने. 787बी च्या आतले फोटो मागितले तर दहा मिनिटांत पाठवले, सगळे स्प्रू, म्हणजे पार्ट लागलेल्या चौकटी, बॉडी, डेकल शीट. पार्सल आलं, तिन्ही डबे श्रिंक रॅपमध्ये, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, कोपरे एकदम शार्प. मी डबे हातात घेऊन बघितले, वजन ठीक वाटलं, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

का ठेवले? कारण पाऊस सुरू झाला होता. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मी स्प्रे मारतच नाही, हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर रंग वाळताना पांढरट पडतो, सगळी मेहनत वाया. त्यामुळे दरवर्षी मी पावसाळ्यात फक्त छोटी जुळवाजुळव करतो आणि मोठं काम दसऱ्याला काढतो. हे मी त्याला गप्पांत सांगितलेलं होतं. तो म्हणालाही होता, "बरोबर दादा, घाई करू नका, रॅप फोडू नका, धूळ बसते."

दसऱ्याच्या दिवशी निपर (पार्ट कापायची छोटी पक्कड), कटर, सँडिंग पेपर सगळ्याची पूजा केली, झेंडूचं फूल ठेवलं, आणि संध्याकाळी मुलगी शेजारी बसली, बायकोने फोनवर फोटो काढायला घेतला, मी 787बी चं रॅप कापलं.

झाकण काढलं तर वर इन्स्ट्रक्शन शीट, खरी. तिच्याखाली एक पुठ्ठा कापून बसवलेला. पुठ्ठ्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत रिकामे रनर, म्हणजे पार्ट काढून घेतल्यावर उरते ती नुसती चौकट, आणि वजनाला कुठल्यातरी स्वस्त खेळण्यातल्या मोटारसायकलचे तुकडे. बॉडी नाही, चाकं नाहीत, काच नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही.

मी त्यातला एक रनर उचलून दिव्याखाली धरला. त्यावर टामियाचं नाव होतं, पार्टचे नंबर होते, तो 787बी चाच होता. आणि जिथून जिथून पार्ट कापलाय तिथे काप इतका स्वच्छ, चांगल्या सिंगल ब्लेड निपरने, घाई न करता कापलेला. कुठे पांढरा ताण नाही, कुठे खेचल्याची खूण नाही. मी नऊ वर्षांत इतकं स्वच्छ कापायला शिकलो नाहीये. मला त्या क्षणी समजलं की ही गाडी त्याने स्वतः बनवलीये, प्रेमाने बनवलीये, आणि उरलेला कचरा डब्यात भरून मला विकलाय. डबा आणि शीट आपण कोणीच टाकत नाही ना, तेच त्याचं भांडवल.

डेकल शीट वरवर बघता बरी वाटत होती. पण भिंग लावलं तर रंगाचे बारीक ठिपके दिसले, इंकजेट प्रिंटचे. तरी खात्री करावी म्हणून 55 चा एक कोपरा कापून वाटीत कोमट पाण्यात टाकला. खरं डेकल दहा-पंधरा सेकंदात कागदावरून सुटायला लागतं, रंग जागचा हलत नाही. इथे केशरी शाई पाण्यात धुरासारखी पसरली आणि वाटीत नुसता पांढरा कागद उरला.

बाकीचे दोन डबे तिथल्या तिथे फोडले. डेल्टामध्ये बॉडी होती पण कोणीतरी अर्धी जोडून सोडलेली, विंडस्क्रीनवर ग्लू लागलेल्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलेला. स्ट्रॅटॉसच्या डब्यात लॅन्शियाचं काहीच नव्हतं.

मग त्याचा प्रोफाइल फोटो आठवला. मे महिन्यात मी तो शंभरदा बघितला असेल, काचेच्या कपाटासमोर उभा असलेला माणूस. मोठा करून बघितला, खालून दुसऱ्या फळीवर केशरी-हिरवी 787बी उभी. समोर होती आणि मला दिसली नव्हती.

फोन बंद, मेसेजला एकच टिक, ग्रुपमधून तो जुलैतच बाहेर पडला होता. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पोर्टलवर तक्रार नोंदवून घेतली, पण सरळ सांगितलं की पैसे गेल्यावर लगेच कळवलं असतं तर खात्यात अडवता आले असते, चार महिन्यांनी तिथे काही शिल्लक राहत नाही. पोलीस ठाण्यातही हेच. तिथले हवालदार भले माणूस होते, म्हणाले, "साहेब, माल जूनमध्ये आला आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये उघडला, समोरचा म्हणेल आतला माल तुम्हीच बदलला. उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" व्हिडिओ नव्हता, फोटो होते तेही झाकण उघडल्यानंतरचे. फसवणुकीचं कलम, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं 318, जुनं 420, लागतं, पण पुरावा माझ्याकडून कच्चा. त्यातून मधे मी फोन बदलला तेव्हा अर्धं चॅट गेलं. पार्सलवरची पाठवणाऱ्याच्या पत्त्याची चिठ्ठी तर मी पहिल्याच दिवशी फाडून टाकली होती.

लोक म्हणतात ऑनलाइन फसवणूक म्हणजे पैसे घेतले आणि माल पाठवला नाही. तसं असतं तर मी आठवड्यात तक्रार केली असती. या माणसाने माल पाठवला, कारण त्याला माहिती होतं की आपण डबा उघडत नाही. वर्षानुवर्षं उघडत नाही. उघडला की किंमत कमी होते, पिशवी फोडली की पार्ट हरवतात, असं आपणच एकमेकांना शिकवलंय. तो आपल्यातलाच होता म्हणूनच त्याला हे जमलं.

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. पार्सल आलं की त्याच दिवशी, कुरिअरची चिठ्ठी दिसेल असा एकच सलग व्हिडिओ लावून उघडतो, मधे कट नाही. श्रिंक रॅपला काडीची किंमत देत नाही, ते मशीन मिठाईच्या दुकानातसुद्धा असतं. इन्स्ट्रक्शन शीटवर सगळ्या स्प्रूंचं चित्र असतं, ए, बी, सी, त्याच्याशी एकेक ताडून बघतो, आणि क्लिअर पार्ट्स, टायर आणि डेकल आधी, कारण बाकी काही तुटलं तर घरी बनवता येतं, हे तीन नाही. घेण्याआधी फोटो मागतो तेव्हा त्यात आजच्या तारखेची आणि माझ्या नावाची हाताने लिहिलेली चिठ्ठी बॉडीशेजारी ठेवायला सांगतो. जुना फोटो कोणीही पाठवू शकतो, मला आलेला फोटो त्याने गाडी बनवण्याआधी काढलेला होता हे आता कळतंय. आणि पहिलं किट चांगलं आलं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. 2200 चं इम्प्रेझा हे त्याने 17,500 साठी लावलेलं आमिष होतं. शक्य असेल तिथे मी आता प्रत्यक्ष भेटूनच घेतो, लोकलने जायला लागलं तरी चालेल.

मी ग्रुपवर लिहिल्यावर दोघांनी संपर्क केला. एक बंगळुरूचा आपलाच मराठी मुलगा, त्याचे 6,000 गेलेत. दुसरे कोल्हापूरचे एक काका, रिटायर झालेत, नातवासोबत बनवतात. त्यांनी त्याच माणसाकडून दोन किट्स घेतली होती आणि त्यांना काही शंकाच नव्हती. मी त्यांना विचारलं, काका, उघडलीत का? म्हणाले, "नाही हो, नातवाच्या परीक्षा झाल्या की उघडणार, सुट्टीत." मी म्हटलं, आत्ता उघडा, मी फोनवर आहे, नातवाला व्हिडिओ काढायला सांगा. ते का कू करत होते, पोराला सरप्राइज द्यायचं होतं म्हणून. मग रॅप कापल्याचा आवाज आला, झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. नंतर काका हळू आवाजात म्हणाले, "पुठ्ठा आहे."

त्यांचं पार्सल येऊन नऊ दिवस झाले होते. चिठ्ठी खोक्यावर तशीच होती, चॅट पूर्ण होतं, आणि आता व्हिडिओ पण होता. त्यांनी त्याच रात्री 1930 ला कळवलं, दुसऱ्या दिवशी माझी तक्रारही त्यांच्या अर्जासोबत जोडली. त्या चिठ्ठीवरचा पत्ता अर्धवट आहे पण पिनकोड आहे, पोलीस तिथपर्यंत पोचलेत. तुमच्या कपाटात मागच्या मे नंतर कोणा 'परदेशी जाणाऱ्या'कडून आलेला, रॅप न फोडलेला डबा असेल तर व्हिडिओ लावून उघडा आणि आत पुठ्ठा निघाला तर मला मेसेज करा, तक्रारीत अजून नावं जोडायची आहेत.